बत्तीशीकाका लिंबाची बिस्किटं भाजतात

बत्तीशीकाकांच्या घरात पाऊल टाकलं की आधी दात दिसायचे, माणसं नंतर. पुढच्या खोलीत खिडकीखाली त्यांचं कामाचं टेबल आणि वरच्या फळीवर प्लास्टरचे पांढरे जबडे ओळीनं आ वासून बसलेले. काकांचा धंदा कवळ्या बनवण्याचा. दातांचे दवाखाने तोंडाची मापं पाठवायचे, काका साचा ओतायचे, गुलाबी मेणात एकेक दात बसवायचे आणि ज्याच्या तोंडाचं बोळकं झालंय त्याची पुन्हा हसायची सोय करून द्यायचे. उभा जन्म ह्यात गेला. खरं नाव विचारलं तर काकूंनासुद्धा क्षणभर थांबावं लागायचं.

हातात कसब होतं, पण रागही नाकाच्या शेंड्यावर. रस्त्यानं जाताना लोक लोकांचे चेहरे बघतात, हे तोंडं बघायचे. एका लग्नात नवऱ्या मुलाचे आजोबा यांच्याकडे बघून मोकळेपणानं हसले, तर ह्यांनी भर जेवणात विचारलं, "वरची कुणाकडून केलीत? गवंड्याकडून?" काकूंनी टेबलाखालून असा चिमटा काढला की काळंनिळं झालं. पण काका कसले ऐकतायत! त्यांचं म्हणणं, वाईट कवळी बघून गप्प बसणं हे पाप आहे. आपली कवळी घातलेला माणूस अक्रोड फोडून खाईल, फक्त अक्रोड चांगला पाहिजे.

तर अशा ह्या माणसाच्या तीन कवळ्या लागोपाठ परत आल्या.

पहिली एका संगीतशिक्षकाची. एका बाजूला लागते म्हणे. काकांनी म्हटलं, गाणाऱ्यांची तोंडं नाटकी असतात. दुसरी भाजीवालीची. तिचीही तीच रड. काका म्हणाले, बाई दिवसभर ओरडते, लागणार नाही तर काय? तिसरी एका निवृत्त स्टेशनमास्तरांची. मास्तर बिचारे मुळात अबोल, त्यांनी नुसतं बोटानं गालाकडे दाखवलं. तिन्ही वेळा काकांनी कवळी थोडी घासून दिली आणि तिन्ही वेळा निकाल एकच दिला: "हिरड्या बिघडल्यात लोकांच्या. दात माझे ठणठणीत आहेत."

मग दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई स्वतः घरी आल्या. बाई वयानं लहान, बोलायला गोड. चहा घेतला, फळीवरच्या जबड्यांचं कौतुक केलं आणि कप खाली ठेवता ठेवता म्हणाल्या, "काका, तुम्ही खूप केलंत. आता थोडा आराम करावासा नाही वाटत?"

काका चष्मा काढून काच पुसू लागले.

"एक पूर्ण बत्तीशीचं काम आलंय," बाई पुढे म्हणाल्या. "तुम्ही हो म्हणालात तर तुमच्याकडेच. मी दुसरीकडे देणार नाही. पण नीट विचार करून सोमवारी सांगा."

बाई गेल्या आणि काकांनी टेबलावरचं मेण उगाच इकडचं तिकडे केलं. "आराम करा म्हणजे काय कळतं का तुला?" त्यांनी काकूंना विचारलं. "माणूस अडगळीत टाकायचा तो असा, गोड बोलून."

"त्यांनी काम तुम्हालाच देऊ केलंय की," काकू म्हणाल्या.

"देऊ केलंय, आणि डोळ्यांनी नको म्हणून सांगितलंय. मला वाचता येतं."

खरं सांगायचं तर काका घाबरले होते. आतून पार हलले होते. हात गेला असेल तर? कारागिराचा हात जातो तेव्हा त्याला स्वतःला शेवटी कळतं, हे त्यांनी दुसऱ्यांच्या बाबतीत बघितलेलं. त्यांच्या उस्तादांची शेवटची कामं ह्यांनीच चोरून दुरुस्त केली होती, म्हातारबुवा मात्र मिशीवर ताव देत राहिले. आपलं तसं झालं तर? लोकांच्या तोंडात जखमा करून मिरवण्यापेक्षा टेबल आवरलेलं बरं. पण आधी कळायला तर हवं! आणि सांगणार कोण? गिऱ्हाईक तक्रार करतं, त्यावर ह्यांचा विश्वास नाही. डॉक्टरीणबाई पडल्या सभ्य. काकू? काकूंचे बत्तीसच्या बत्तीस दात स्वतःचे, म्हणजे ह्या बाबतीत बाई निरक्षर.

उरली ताई.

ताई म्हणजे काकांची थोरली बहीण. दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहायची. आयुष्यभर शाळांचे गणवेश शिवले, भावाला शिकवलं, आणि भाऊ सत्तरीला टेकला तरी त्याला हाक मारायची 'बाळ'. गेल्या हिवाळ्यात तिच्या उरल्यासुरल्या दातांनी राम म्हटला आणि काकांनी तिच्यासाठी नवी कोरी बत्तीशी केली. जीव ओतून केली. तीन कवळ्या परत आल्या त्याच्या थोडं आधीचीच ही. दर रविवारी ताई दुपारी यायची तेव्हा काका विचारायचे, "कशी आहे?" आणि ताई म्हणायची, "झकास! माझ्या जन्मजात दातांपेक्षा बरी."

मात्र ह्या रविवारच्या येण्याजाण्यात एक गोष्ट काकांच्या आता आता लक्षात येऊ लागली होती. ताई त्यांच्याकडे काही चावून खात नव्हती. चहा प्यायची. केळं खायची. बाकी काही पुढे केलं की, "नको रे बाळ, आत्ताच जेवून आले."

"जेवून आले म्हणे," काका रात्रीच्या जेवणाला बसल्यावर म्हणाले. "दर रविवारी?"

"म्हातारं माणूस. भूक मंदावते," काकू म्हणाल्या.

"तिची भूक? लहानपणी माझ्या वाटणीचंसुद्धा तीच खायची!"

आणि काकांचा घास तोंडाशी जाता जाता थांबला. डोक्यात काहीतरी शिजलं की त्यांचा घास असा हवेत राहायचा, हे काकूंना सवयीनं ठाऊक होतं. त्यांनी सगळं जेवणच पुढ्यातून उचलून झाकून ठेवलं.

काकांच्या डोक्यात आलं ते असं. ताईचा एकच कच्चा दुवा, लिंबाच्या गोळ्या. पिवळ्याधमक, काचेसारख्या, आंबटगोड. शिवणाच्या मशीनजवळ तिची बरणी असायची आणि ती गोळी चोखायची नाही, कडाकडा फोडायची. दात गेल्यापासून ते सुख गेलं. आता अख्खी गोळी द्यावी तर ती कुठल्याही कवळीवर अन्याय. कवळी उचकटून हातात येईल. पण गोळी कुटून तिचे दाणे केले आणि ते बिस्किटात घातले तर? आधी बिस्किटाचा खुसखुशीतपणा, मग मध्येच दातांखाली तो कडक दाणा. ज्या कवळीची बैठक पक्की, ती दाणा फोडणार. जिची कच्ची, ती तिथंच डगमगणार आणि ताईच्या चेहऱ्यावर दिसणार. लिंबाला ताई नाही म्हणूच शकत नाही. परीक्षा म्हणजे अशी पाहिजे, की देणाऱ्याला पत्ता लागता कामा नये.

"हात दाखवून अवलक्षण कशाला करताय?" काकू म्हणाल्या. "सरळ विचारा की त्यांना."

"विचारून विचारून दातांच्या कण्या झाल्या. ती झकासच म्हणणार."

"मग बिस्किटं मी करते."

"तू नको. तू मऊ करशील."

झालं! शनिवारी सकाळी काकूंचं स्वयंपाकघर काकांच्या ताब्यात गेलं.

आता ह्या माणसानं जन्मात कधी चहासुद्धा केला नव्हता, पण रुबाब असा की जणू ओव्हन ह्यांच्याच हाताखाली शिकून मोठा झालाय. काकूंनी कृती तोंडी सांगितली: लोणी आणि साखर फेसायची, अंडं, लिंबाचा रस, किसलेली साल, मग मैदा. काका म्हणाले, "समजलं. आमच्यासारखंच आहे," आणि प्लास्टर कालवायचं रबरी भांडं घेऊन आले.

"ते भांडं माझ्या ओट्यावर येणार नाही!" काकू कडाडल्या.

"धुतलंय."

"धुतलं काय नि उकळलं काय. उद्या ते पोटात जाऊन घट्ट बसलं म्हणजे?"

भांडं परत गेलं. पण लिंबाची साल किसताना काकू दाराशी दूध घ्यायला गेल्या आणि तेवढ्यात घात झाला. किसणीवर बोटं सोलवटतात म्हणून काकांनी लिंबू नेलं आपल्या टेबलावर आणि कवळ्या घासायच्या मोटरला लावलं. पिवळी साल तेवढी निघाली पाहिजे, खालचं पांढरं आलं की कडू होतं, हे त्यांनी नीट ऐकलेलं. आणि साल निघालीही बघण्यासारखी, एका झटक्यात. फक्त ती भांड्यात पडली नाही. भिंतीवर, खिडकीवर, चष्म्यावर आणि फळीवरच्या सगळ्या जबड्यांच्या तोंडात लिंबाच्या सालीचा बारीक चुरा जाऊन बसला. काकू परत आल्या तेव्हा घरभर असा वास सुटला होता की एरवी कुणालाही प्रसन्न वाटावं.

"एवढ्या सगळ्यांना तुम्ही चव दिलीत," काकू जबड्यांकडे बघून म्हणाल्या. "आता मी राहिले."

मग गोळ्या. स्वच्छ फडक्यात बांधून काकांनी त्या लाकडी हातोडीनं कुटल्या. आवाज ऐकून खालच्या मजल्यावरून विचारणा झाली की भिंत पाडताय का. फडकं सोडलं तर आत मोठाले तुकडे, आणि काकांनी ते तसेच, भरपूर, पिठात मिसळले. कंजूषपणा त्यांना कामात माहीतच नव्हता. पीठ लाटलं, सवयीनं एक डोळा मिटून पातळी बघितली, पेल्याच्या कडेनं गोल कापलं, ट्रेमध्ये मांडलं आणि ओव्हनच्या काचेला नाक लावून बसले.

साखरेची गोळी उष्णतेनं वितळते, एवढी साधी गोष्ट. रोज मेण वितळवणाऱ्या माणसाला सुचू नये? पण नाही सुचली. गोळ्यांचा पाक झाला, बिस्किटांतून वाहिला, ट्रेभर पसरला आणि थंड झाल्यावर त्याची अशी काच झाली की बिस्किटं तिच्यात पुरली गेली. काकांनी आधी उलथणं आणलं, मग प्लास्टरची सुरी, मग छिन्नी. एक बिस्कीट निघालं, ट्रेचा रंग घेऊन निघालं.

"हे ताईंना द्या," काकू म्हणाल्या. "कवळीसकट जबडा हातात येईल."

दुसऱ्या खेपेला काका उलट्या टोकाला गेले. गोळ्या कुटून कुटून पीठ केलं. ती बिस्किटं झाली सुंदर, काकूंनी उभ्या उभ्या चार खाल्ली. पण दाणा कुठेच नाही. "ही तर तान्हं बाळसुद्धा खाईल," काका हिरमुसून म्हणाले, आणि काकूंना पाचव्याला हात घालू दिला नाही.

शिवाय आणखी एक वैताग. दोन्ही खेपांना ट्रेच्या उजव्या ओळीतली बिस्किटं करपून काळसर झाली आणि डावीकडची फिकट राहिली. काकांनी निकाल दिला, ओव्हन तिरका आहे. त्यांनी पुठ्ठ्याची घडी करून एका पायाखाली सारली, हातभर लांबून एक डोळा मिटून बघितलं, आणि म्हणाले, "आता बघ."

तिसऱ्या खेपेला माणूस शहाणा झाला. गोळ्या बेतानं कुटल्या, चाळल्या, आणि मिरीच्या दाण्याएवढे तुकडे तेवढे बाजूला काढले. थोडे पिठात, तेही बेतानं. ट्रेमध्ये लोणी लावलेला कागद. आणि उरलेले दाणे बिस्किटं तयार होत आल्यावर ओव्हन उघडून, बोटं भाजून घेत, वरून दाबले. म्हणजे वितळायला वेळ नाही, पण रुतून बसणार. दात बसवताना जसं मेण गरम असतानाच बसवावं लागतं, अगदी तसं. इथं मात्र त्यांचा हात बघत राहावा असा चालला. काकूसुद्धा दोन मिनिटं टोमणा मारायचं विसरल्या.

बिस्किटं निघाली. सोनेरी, कडेला खरपूस, आणि वर पिवळे दाणे चमचमतायत. उजवी ओळ याही वेळी करपली होतीच. पण काकांनी ती काकूंच्या पुढ्यात सारली आणि म्हणाले, "तू खा. तुझे दात सरकारी आहेत."

रविवारी दुपारी ताई आली. पायरीवरच थांबली, नाक वर केलं. "लिंबू?"

"बस," काका म्हणाले.

"वास कसला रे, बाळ? गोळ्या आणल्यास?"

काकूंनी चहा आणला आणि बशीत बिस्किटं. "वन्सं, तुमच्या भावानं केलीत. स्वतःच्या हातांनी. माझं स्वयंपाकघर अजून शुद्धीवर आलेलं नाही."

ताईनं भावाकडे असं बघितलं की जणू त्यानं विमान बनवलंय. "आत्ताच जेवून..." तिनं सुरुवात केली, पण लिंबाच्या वासापुढे वाक्य पुरं झालं नाही. एक बिस्कीट तिनं उचललं. काकांनी श्वास धरला. समोरच्या दातांनी न चावता, डाव्या बाजूला, दाढांच्या पुढे धरून चावायचं, हे त्यांनीच तिला शिकवलेलं. ताईनं तस्संच धरलं आणि चावलं.

कुडुम्!

दाणा फुटला. ताईचे डोळे मिटले, ओठ मुरडले, आणि सगळा चेहरा लहान मुलीसारखा झाला. तिनं दुसरा घास घेतला. पुन्हा कुडुम्. कवळी ना हलली ना निसटली.

"अग बाई!" ताई म्हणाली. "गोळ्या! किती दिवसांनी!"

काका उठून उभे राहिले. त्यांना काय करावं कळेना. त्यांनी काकूंकडे बघितलं, फळीकडे बघितलं, टाळी वाजवायला हात उचलले आणि मग तेच हात खिशात घातले. "हिरड्या!" ते ओरडले. "मी म्हणत नव्हतो? हिरड्याच लोकांच्या! माझा हात आहे तिथंच आहे! आत्ताच्या आत्ता बाईंना फोन लावतो, सोमवार कशाला हवाय?"

"कसला सोमवार?" ताईनं विचारलं.

काकूंनी सांगून टाकलं. तीन कवळ्या, डॉक्टरीणबाईंचा आराम, आणि ही बिस्किटं म्हणजे काय आहे तेही. ताईनं हातातलं अर्धं बिस्कीट हळूच बशीत ठेवलं. एरवी ताईनं काही अर्धं टाकणं ही बातमी असायची, पण काकांना भान कुठलं! ते फोनकडे निघाले होते. जाता जाता त्यांनी ते अर्धं बिस्कीट उचललं, विजयाची खूण म्हणून, आणि सवयीनं त्याच्या चावलेल्या कडेवरून अंगठा फिरवला.

आणि थांबले.

पुन्हा अंगठा फिरवला. माणूस आपली सही ओळखतो ना, तसा हा माणूस आपल्या दातांचा चावा ओळखायचा. दाढांना त्यांनी टोकं ठेवली होती, ती चावल्यावर कडेला खाचा पाडतात. इथं खाचा नव्हत्या. सपाट. जणू त्या बाजूची टोकं कुणी खाऊन टाकलीत.

"ताई, काढ."

"काय काढू?"

"कवळी."

"चहाच्या वेळेला? लाज आहे का काही?"

"ताई."

तो आवाज ऐकून ताईनं कप बाजूला ठेवला. तिनं पदराआड दोन्ही भाग काढले आणि भावाच्या तळहातावर ठेवले. काका खिडकीशी गेले. डाव्या बाजूच्या दाढा घासलेल्या होत्या. मोटरनं नव्हे, हातानं; एका दिशेच्या बारीक रेघांवर रेघा, कुणीतरी बरेच दिवस थोडं थोडं, बिचकत बिचकत घासलेलं.

"हे कुणी केलं?"

"मीच." दात नसलेल्या तोंडानं ताईचं बोलणं मऊ पडलं होतं. "नखं घासायची कानस असते ना. वहिनी, तुमच्याकडे असते तशी."

"का?"

"लागत होती, बाळ. डावीकडे उंच होती. पहिले पंधरा दिवस तर रक्त यायचं. मग रोज जेवणाआधी थोडी घासायची, चावून बघायचं, पुन्हा घासायची. शिवलेला गणवेश काखेत काचतो तेव्हा आपण तिथंच तर सोडवतो. आता चांगली बसलीय. तुझ्यासमोर खायला मात्र भीती वाटायची, तुझी नजर ओळखेल म्हणून."

"मला सांगायला काय झालं होतं?" काका ओरडले. पण ओरडणं मध्येच फाटलं. "रक्त यायचं आणि मला म्हणायचीस झकास? मी काय परका होतो? मी काय तुला खाल्लं असतं?"

"कसं सांगणार?" ताई म्हणाली. "सांगायला तोंड उघडावं तर आत दात तुझेच. तू जीव टाकून केलेस ते. तेवढ्या प्रेमानं मला आजवर कुणी काही करून दिलंय का? आणि सांगितलं असतं तर तू नवी केली असतीस. तीही डावीकडे उंच केली असतीस."

काकूंना हसू फुटलं. त्यांनी तोंडावर हात ठेवला, पण फुटायचं ते फुटलंच. आणि हसता हसता त्या एकदम थांबल्या. बशीतलं एक फिकट बिस्कीट उचललं, डब्यातलं एक करपलेलं आणलं आणि दोन्ही टेबलावर शेजारी ठेवली. फिकट जाड होतं, करपलेलं पातळ.

"अहो," त्या म्हणाल्या, "दुसऱ्या खेपेला ट्रे मी मध्येच उलटा फिरवला होता. तरी तीच ओळ करपली. ओव्हन तिरका नाही. तुम्ही लाटलंयच तिरकं. डावीकडे जाड, उजवीकडे पातळ."

काकांनी दोन्ही बिस्किटांच्या कडांवरून अंगठा फिरवला.

"तिघांनाही डावीकडेच लागत होतं का?" ताईनं विचारलं.

काकांनी आठवून बघितलं. मास्तरांचं ते बोट. डाव्या गालावर. भाजीवालीनं गाल धरलेला, तोही डावा. त्यांनी विचारलंच नव्हतं कुठली बाजू; विचारायची गरजच वाटली नव्हती. ते टेबलाशी बसले. टेबलावरची मेणातली एक अर्धवट कवळी सवयीप्रमाणे हातभर लांब धरली, उजवा डोळा मिटला आणि डाव्यानं नेम धरल्यासारखी पातळी बघितली. सरळ दिसली. मग आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच डावा मिटून उजव्यानं बघितली. कवळी कललेली दिसली. डाव्या डोळ्यापुढे जे धुकं होतं ते चष्म्यावरचं असेल म्हणून ते महिनोन् महिने चष्मा पुसत आले होते.

"मोतीबिंदू," काकू म्हणाल्या. "माझ्या आईचं अगदी असंच झालं होतं. आणि मी रोज चष्म्याची काच पुसताना बघतेय तुम्हाला. मलाही कळलं नाही."

"हात नाही गेला बाळ तुझा," ताई म्हणाली. "तू त्या गोळ्या बसवल्यायस बिस्किटात. एक तरी निसटली का बघ."

पण काकांना त्या क्षणी हाताचं काही वाटत नव्हतं. त्यांना शरम वाटत होती. इतकी, की ताईकडे बघवेना. ज्या माणसानं भर लग्नात दुसऱ्याच्या कवळीची अब्रू काढली, त्याच्या बहिणीनं त्याचीच कवळी चोरून कानशीनं घासली, आणि दर रविवारी पोटात भूक ठेवून केळं खाल्लं. त्यांनी फोन उचलला. डॉक्टरीणबाई लागल्या.

"नवं काम दुसरीकडे द्या," काका म्हणाले. "नाही, नाही, रागावलो नाही. आधी डोळा दाखवतो. ते झालं की मग तुम्हीच ठरवा, मी नाही ठरवणार. आणि बाई, त्या तिघांना माझ्याकडे पाठवा. नको, त्यांना काही विचारायला नको. त्यांना फक्त सांगा की चूक माझी होती. मास्तरांना आधी पाठवा. ते बोलत नाहीत."

फोन ठेवून ते परत टेबलाशी आले. ताईची कवळी अजून तिथंच होती. त्यांनी तिच्या कडांवरून अंगठा फिरवला, ती रुमालावर ठेवली, कपाटातून बारीक कानस काढली आणि ती ताईच्या हातात दिली.

"थोडी कड राहिलीय आतल्या बाजूला. तुला लागत असणार."

"थोडी लागते," ताईनं पहिल्यांदा कबूल केलं.

"मी धरतो. घास तू."

"मी? तुझ्यासमोर?"

"तुला दिसतंय. मला नाही."

ताईनं खुर्ची ओढली. काकांनी दोन्ही हातांनी कवळी घट्ट धरली आणि ताई घासू लागली. "हलवू नकोस रे." "नाही हलवत." "हलवतोयस. लहानपणापासून तुला स्थिर बसता येत नाही." काकूंनी गार झालेला चहा नेऊन पुन्हा गरम करून आणला, तोही दोघांनी गार केला. ज्या टेबलाला काकांनी कुणाला बोट लावू दिलं नव्हतं, तिथं ताईनं कोपर टेकून, चष्मा नाकावर ओढून, भावाला दोनदा झापलं आणि काका निमूट ऐकत राहिले.

मग कवळी धुतली, ताईनं तोंडात बसवली. चांगली कवळी मिटली की आवाज एकच येतो. बाजू उंच असेल तर दोन येतात, एकामागून एक. ते ऐकायला डोळा लागत नाही. काकांनी दोन्ही डोळे मिटले आणि कान पुढे केला.

"मीट."

टक्.

"पुन्हा."

टक्.

काकांनी डोळे उघडले नाहीत. ते तसेच बसून राहिले आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं ते त्यांनी पुसलंही नाही. ताईनं हात लांब करून बशी ओढली, आधी डावीकडे एक बिस्कीट फोडलं, मग उजवीकडे एक, आणि तोंड भरलेलं असतानाच म्हणाली, "वहिनी, काही चावायचं असेल तर वाढा हो. मी जेवून आले नाहीये."